जहाज सुटण्यापूर्वी : उत्तर कॅनडातल्या आदिवासी वस्त्यांसाठी तातडीचं आवाहन



कॅनडात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरासाठी हे आवाहन आहे. येत्या अक्षय्य तृतीयेपर्यंत उत्तर कॅनडातल्या आदिवासी वस्त्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला आपल्या घरातून देणगी गेली पाहिजे. जमल्यास दरमहा चालू राहील अशी. कुणाला द्यायची, कशी द्यायची आणि काय मुळीच पाठवू नये, हे खाली लिहिलं आहे. आधी घाई कशाची ते सांगतो.

चैत्र लागला की टोरंटोत, ऑटावात आपण जाड कोट कपाटात टाकायला लागतो. उत्तरेत याच दिवसांत तीन गोष्टी एकदम घडतात.

पहिली, बर्फाचे रस्ते विरघळतात. ओंटारियोच्या उत्तर भागातल्या तीसेक वस्त्यांना बारमाही रस्ता नाही. कडाक्याच्या थंडीत नद्या, तळी आणि दलदल पुरेशी गोठली की त्यांवरून हंगामी रस्ता तयार करतात. तो टिकतो मोजके आठवडे. तेवढ्यात वर्षभराचं डिझेल, सिमेंट, लाकूड, घरबांधणीचं सामान, जड यंत्रं ट्रकनं आत न्यायची असतात. मार्च सरता सरता रस्ता गेला की मग फक्त विमान. २०२४ चा हिवाळा इतका उबदार गेला की रस्ते नीट गोठलेच नाहीत. त्या फेब्रुवारीत निश्नावबे अस्की नेशन या ४९ फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे आदिवासी समूहांच्या, संघटनेच्या प्रमुखांना आणीबाणी जाहीर करावी लागली.

दुसरी, नद्यांवरचा बर्फ फुटतो. जेम्स उपसागराच्या काठी ऑल्बनी नदीवर कशेचेवान नावाची क्री लोकांची वस्ती आहे. बर्फाचे प्रचंड तुकडे मुखाशी अडले की मागचं पाणी गावाकडे वळतं. म्हणून जवळजवळ दर वसंतात म्हातारीकोतारी, बाळंतिणी, शाळेतली पोरं विमानात बसवून टिमिन्स, कापुस्केसिंग अशा दूरच्या शहरांत हॉटेलांमध्ये हलवावी लागतात. गाव उंच जागी नेण्याचा करार २०१९ मध्ये झाला; ते काम अजून पुरं झालेलं नाही. पूर ओसरतो न ओसरतो तोच वणव्यांचा हंगाम सुरू होतो. जून २०२५ मध्ये सँडी लेकच्या रहिवाशांना लष्कराच्या हर्क्युलिस विमानांनी बाहेर काढावं लागलं.

तिसरी गोष्ट जहाजांची. नुनावुत हा प्रदेश महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा, लोकसंख्या जेमतेम चाळीस हजार, वस्त्या २५. यातली एकही वस्ती दुसरीला किंवा दक्षिणेला रस्त्यानं जोडलेली नाही. उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की सेंट लॉरेन्स नदीवरच्या बंदरांतून जहाजं निघतात. बहुतेक वस्त्यांना धक्का नाही. जहाज दूर नांगर टाकतं आणि भरतीची वेळ साधून बार्जवरून माल किनाऱ्यावर उतरवतात. ऑक्टोबरनंतर समुद्र पुन्हा बंद. पीठ, तांदूळ, डाळी, डायपर, साबण अशी टिकाऊ वस्तू जहाजानं आली तर स्वस्त पडते, विमानानं आली तर तिचा भाव कुठल्या कुठे जातो. पण जहाजानं मागवायची तर वर्षभराचे पैसे आत्ता, वसंतात, एकरकमी भरावे लागतात. ज्याच्या हातात रोख आहे त्याला स्वस्त. ज्याच्या हातात नाही तो वर्षभर दुकानातला महाग माल थोडा थोडा घेत राहतो. वस्तीतल्या स्वयंपाकघरांचं आणि अन्नकेंद्रांचंही तेच. एप्रिल-मेमध्ये मिळालेल्या डॉलरचं जेवढं धान्य येतं तेवढं डिसेंबरमधल्या डॉलरचं येत नाही. नाताळच्या सुमाराला देणग्यांचा पाऊस पडतो आणि वसंतात ओढ लागते, हा उलटा क्रम आपण बदलू शकतो.

आता गरज किती ते पाहा. आधी पाणी. अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे उदककुंभाचं दान करतात, म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करतो. थंडर बेच्या उत्तरेला साधारण ४३० किलोमीटरवर नेस्कांतागा ही फर्स्ट नेशन वस्ती आहे. तिथलं नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, अशी सूचना १ फेब्रुवारी १९९५ रोजी लागली. देशातली ही सर्वांत दीर्घकाळ चाललेली सूचना. त्या वर्षी जन्मलेली मुलं आज आईबाप झाली, त्यांची पोरंही बाटलीतल्या पाण्यावर वाढली. ऑक्टोबर २०२० मध्ये टाकीतल्या पाण्यावर तेलकट तवंग दिसला आणि सारं गाव थंडर बेला हलवावं लागलं. ही वस्ती गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी आहे, हे लक्षात घ्या. देशभरातल्या फर्स्ट नेशन्सच्या अशा सगळ्या दीर्घकालीन सूचना मार्च २०२१ पर्यंत उठवू, असं आश्वासन केंद्र सरकारनं दिलं होतं. शंभराहून अधिक उठल्याही, ते मान्य केलं पाहिजे. पण मुदत टळली आणि नेस्कांतागासारखी गावं मागेच राहिली. अडचण नुसत्या यंत्राची नसते. शुद्धीकरण केंद्र बांधून ठेकेदार निघून जातो, आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस गावात नसला की बिघाड झाल्यावर विमानानं तंत्रज्ञ येईपर्यंत सगळं ठप्प.

मग अन्न. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत नुनावुतमधल्या ५७ टक्के घरांत पैशाअभावी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. कॅनडात इतकी वाईट स्थिती दुसऱ्या कुठल्याही प्रांताची वा प्रदेशाची नव्हती. त्याआधी २००७-०८ मधल्या इन्यूइटांच्या, म्हणजे आर्क्टिकमधल्या आदिवासींच्या, आरोग्य पाहणीत शाळेच्या वयाआधीच्या लहानग्यांपैकी सुमारे ७० टक्के मुलं अशा घरांत राहत असल्याचं आढळलं होतं. सरकारची ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ ही योजना २०११ पासून आहे, पण तिचं अनुदान दुकानदारामार्फत येतं. अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा अनुदानाच्या डॉलरमागे साधारण ६७ सेंटच भावात उतरलेले दिसले. गेल्या काही वर्षांत इन्यूइट मुलांसाठीच्या केंद्रीय निधीतून वस्त्यांच्या ग्रामपालिका मुलामागे किराण्याची कुपनं देत होत्या. त्यानं घरांना खरा आधार होता. मार्च २०२५ अखेर ती कुपनं बंद झाली. त्याचा भार वस्त्यांमधल्या अन्नकेंद्रांवर पडला.

आणि घर, आरोग्य, शाळा. इन्यूइट प्रदेशात निम्म्याहून अधिक इन्यूइट लोक दाटीवाटीच्या घरांत राहतात. एका खोलीत पाळीपाळीनं झोपावं लागत असेल तर क्षयरोग कसा पसरतो, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. २०१६ मध्ये इन्यूइटांमधलं क्षयाचं प्रमाण कॅनडात जन्मलेल्या बिगर-आदिवासींच्या जवळजवळ ३०० पट होतं. पुष्कळ वस्त्यांत दवाखाना म्हणजे परिचारिकांचं केंद्र. डॉक्टर अधूनमधून येणार. बाळंतपणाला, कर्करोगाच्या उपचाराला, साध्या स्कॅनलाही विमानानं ऑटावा, विनिपेग, एडमंटन गाठावं लागतं. उत्तर ओंटारियोतल्या अनेक गावांत दहावी-बारावीची सोयच नाही. चौदा-पंधरा वर्षांची पोरं घर सोडून थंडर बेला येतात आणि अनोळखी घरात राहतात. २००० ते २०११ या काळात अशी शिकायला आलेली सात मुलं तिथे मरण पावली. पुढे झालेल्या मृत्युचौकशीनं २०१६ मध्ये १४५ शिफारशी केल्या. तरुणांच्या आत्महत्यांचं दुःख याच सगळ्यातून वाढलेलं आहे. इन्यूइट प्रदेशांतलं प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या पाच ते पंचवीस पट असल्याचं इन्यूइटांच्या राष्ट्रीय संघटनेनंच २०१६ च्या आपल्या धोरणात नमूद केलं आहे.

हे वाचून कुणाचाही हात खिशाकडे जाईल. पण इथे क्षणभर थांबा. या लोकांवर आतापर्यंत सर्वाधिक अन्याय झाला तो त्यांचं भलं करायला निघालेल्यांकडून.

निवासी शाळा घ्या. शंभराहून अधिक वर्षं, दीड लाखाच्या आसपास मुलं आईबापांपासून तोडून या शाळांत नेली. त्यांना शिकवायचं, सुधारायचं, माणसांत आणायचं, असा त्यामागचा दावा होता. आपली भाषा बोलली म्हणून मार बसला, हजारो मुलं परत आली नाहीत. सरकारनं संसदेत माफी मागितली ती ११ जून २००८ रोजी. क्षयरोगावरचे उपचार घ्या. सी. डी. हाऊ नावाचं जहाज १९५० पासून दर उन्हाळ्यात पूर्व आर्क्टिकमध्ये जाई. जहाजावर एक्स-रे काढायचा, क्षय निघाला तर त्या माणसाला किनाऱ्यावर परत उतरूच द्यायचं नाही, थेट दक्षिणेतल्या रुग्णालयात. काही जण तिथेच वारले आणि घरच्यांना त्यांची कबर कुठे आहे हेही कळलं नाही. याबद्दलची माफी मार्च २०१९ मध्ये आली. औषध खरंच हवं होतं. पण ज्याच्यासाठी ते होतं त्याला कुणी विचारलं नाही.

सीलचं प्रकरण तर आपल्यासारख्या देणगीदारांनी घडवलेलं आहे. १९७० च्या दशकात सीलच्या पांढऱ्याशुभ्र पिल्लांची छायाचित्रं जगभर फिरली, प्राणिप्रेमी संस्थांना लोकांनी सढळ हातानं पैसे दिले, आणि १९८३ मध्ये युरोपनं त्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इन्यूइट लोक व्यापारासाठी ती पिल्लं मारत नव्हते. ते मोठे सील मारतात, मांस खातात, वाटून घेतात आणि उरलेलं कातडं विकतात. पण बाजारच कोसळला. ज्या चार पैशांतून शिकारी पेट्रोल आणि गोळ्या घेत असे ते बंद झाले, आणि घरोघरी मांसाऐवजी विमानानं आलेला डबाबंद माल आला. ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेनं २०१४ मध्ये याबद्दल इन्यूइटांची माफी मागितली. चांगल्या मनानं दिलेल्या देणगीतूनही एखाद्या समाजाचा कणा मोडू शकतो, याचा हा पुरावा.

म्हणून आमचं म्हणणं एकाच वाक्यात असं आहे: मदत भरपूर करा, पण ती कशी वापरायची हे ठरवण्याचा हक्क त्यांच्या हाती सोपवा.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ‘सर्च’चं रुग्णालय उभारताना आधी आदिवासींना विचारलं की दवाखाना कसा हवा. मोठ्या पांढऱ्या इमारतीत भीती वाटते, रुग्णाजवळ नातेवाइकांना राहता आलं पाहिजे, असं लोक म्हणाले. मग झोपड्यांच्या पाड्यासारखं रुग्णालय बांधलं आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव दिलं. त्या कामाला मराठी माणसानं मनापासून पैसे दिले. उत्तरेत द्यायचं ते याच कसोटीवर.

या कसोटीला उतरणारी कामं आहेत. इकालुइतमधलं ‘काजुक्तुर्विक कम्युनिटी फूड सेंटर’ लोकांना मोफत गरम जेवण देतं, तरुणांना स्वयंपाकाचं शिक्षण देतं आणि स्थानिक शिकाऱ्यांकडून मांस-मासळी विकत घेतं, म्हणजे पोटही भरतं आणि शिकाऱ्यालाही उत्पन्न मिळतं. ‘वॉटर फर्स्ट’ ही संस्था आदिवासी तरुणांना विद्यावेतन देऊन पाणी शुद्धीकरण केंद्र चालवायला शिकवते. केंद्र बांधलं पण चालवायला माणूस नाही, या दुखण्यावर नेमका हा उपाय आहे. ‘ट्रू नॉर्थ एड’ उत्तरेकडच्या वस्त्यांच्या मागणीनुसार पाणी, अन्न, घर आणि शिक्षणाची कामं हाती घेते. ‘इंडस्पायर’ ही आदिवासींनी चालवलेली संस्था फर्स्ट नेशन्स, इन्यूइट आणि मेटी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. नुनावुतची ‘इलितक्सिनिक’ ही साक्षरता संस्था शिवणकाम, शिकारीची साधनं बनवणं अशा हातच्या कामांमधून भाषा आणि शिक्षण देते. ऑटावात ‘तुंगासुव्विंगात इन्यूइट’ ही संस्था शहरात आलेल्या इन्यूइट कुटुंबांच्या पाठीशी उभी असते.

आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी हे काम आधी केलेलं आहे. इराणहून आलेल्या सीमा शरीफी आणि स्वित्झर्लंडहून आलेले अर्नोल्ड विट्झिग या दांपत्यानं आपली संपत्ती देऊन ‘आर्क्टिक इन्स्पिरेशन प्राइझ’ सुरू केलं. २०१२ पासून उत्तरेतल्या लोकांनी स्वतः आखलेल्या प्रकल्पांना ते मिळतं. सागरी बर्फ किती जाड आहे हे मोजून शिकाऱ्यांना सुरक्षित वाट दाखवणारा ‘स्मार्टआइस’ आणि पाँड इनलेटमधली इन्यूइट पद्धतीची ‘पिरुर्विक’ बालवाडी यांना त्याच पैशांतून बळ मिळालं. विनिपेगच्या एका मुस्लिम संस्थेनं २०१० मध्ये इनुविकसाठी एक छोटी मशीद बांधून ट्रक आणि नदीतल्या बार्जवरून चार हजार किलोमीटर वर नेली. पुढे तिथे अन्नपेढीही सुरू झाली, आणि तिथे कुणाला धर्म विचारला जात नसे. मराठी मंडळांची नावं अशा यादीत यायला हवीत.

काही शंका आमच्यापर्यंत आल्या आहेत. त्यांची उत्तरं देणं भाग आहे.

‘कॅनडाचं सरकार श्रीमंत आहे, हे त्याचं काम नाही का?’ आहे, आणि ते त्यानं केलंच पाहिजे. पण सरकारं एकमेकांकडे बोट दाखवत असताना काय होतं, हे मॅनिटोबाच्या नॉर्वे हाउस क्री नेशनमधल्या जॉर्डन रिव्हर अँडरसन या मुलाच्या बाबतीत दिसलं. जन्मतःच गंभीर आजार असलेला हा मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर घरी जाऊ शकत होता. घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्रानं द्यायचा की प्रांतानं, यावर वाद चालत राहिला आणि २००५ मध्ये तो पाच वर्षांचा असताना रुग्णालयातच वारला. स्वतःच्या घरी तो एक दिवसही राहिला नाही. आधी मुलाची सोय करा, बिलाचं नंतर भांडा, हे तत्त्व २००७ मध्ये संसदेनं त्याच्या नावानं मान्य केलं. आपण तोच क्रम ठेवू या: देणगी आज आणि सरकारला जाबही आजच. खासदाराला लिहायच्या पत्राचं पुढे सांगतो.

‘आपल्या मेळघाटात, गडचिरोलीत काय कमी आहे?’ काहीच कमी नाही, आणि तिकडची मदत थांबवा असं आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांनी तर आपलं दान तिथेच द्यावं. त्यांच्याकडून एवढंच हवं की कॅनडात असलेल्या लेकाला, भाचीला, मित्राला हे आवाहन पाठवावं. पण जो इथे राहतो, त्याचं या भूमीशी वेगळं नातं आहे. उत्तर ओंटारियोतली बरीचशी जमीन १९०५-०६ मध्ये ‘नवव्या करारा’नं घेतली गेली आणि मोबदला ठरला माणशी वर्षाला चार डॉलर. सव्वाशे वर्षं होत आली, आजही तेच चार डॉलर दिले जातात. याच पट्ट्यात अट्टावापिस्काटपासून नव्वदेक किलोमीटरवर २००८ ते २०१९ हिऱ्यांची खाण चालली, आणि २०११ मध्ये त्याच अट्टावापिस्काटला घरांअभावी आणीबाणी जाहीर करावी लागली. आपले रस्ते, वीज, पेन्शन फंड, नोकऱ्या या संपत्तीच्या हिशेबाबाहेर नाहीत. शिवाय २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेत आदिवासींचे करार आणि हक्क मान्य करण्याचं वचन आलं आहे. आपल्यापैकी अनेकांनी हात वर करून ते दिलं आहे. मंडळाच्या कार्यक्रमात सुरुवातीला या भूमीच्या मूळ लोकांविषयी कृतज्ञतेची चार वाक्यं आपण वाचतो. त्यापुढचं पाऊल देणगीचं आहे.

‘आम्ही शाकाहारी, शिकारीला पैसे कसे द्यायचे?’ ही अडचण खरी आहे आणि तिचा आदर आहे. झाडंही जिथे उगवत नाहीत तिथे हजारो वर्षं माणूस मांसावरच जगला, हे समजून घ्या. तरीही मन तयार नसेल तर पाणी, शिष्यवृत्ती, बालवाडी, डायपर यांसाठी द्या. पण त्यांनी काय खावं, यावर सल्ला देऊ नका. तसल्या सल्ल्याची किंमत त्यांनी सीलच्या प्रकरणात एकदा मोजली आहे.

आता नेमकं काय करायचं ते.

१. देणगी पैशातच द्या आणि थेट संस्थेला द्या. आम्ही कुठलंही खातं उघडलेलं नाही आणि कुणाकडून एक डॉलरही गोळा करणार नाही. संस्था नोंदणीकृत आहे का, हे कॅनडा महसूल खात्याच्या संकेतस्थळावर तपासा, पावती घ्या. वर्षाला २०० डॉलरच्या वरच्या देणगीवर करसवलतीचा दर जास्त असतो. नवरा-बायकोनं दोघांच्या पावत्या एकाच विवरणपत्रात दाखवल्या तर फायदा होतो.

२. दरमहा द्या. एकदाच दिलेल्या ५०० डॉलरपेक्षा दरमहा येणाऱ्या ४० डॉलरवर स्वयंपाकघर चालवणाऱ्याला आचाऱ्याचा पगार ठरवता येतो, जहाजाची ऑर्डर नोंदवता येते. शक्य असेल त्यांनी पहिला हप्ता मोठा द्यावा, म्हणजे तो यंदाच्या जहाजांना उपयोगी पडेल.

३. संस्थेनं मागितल्याशिवाय वस्तू पाठवू नका. जुने कपडे, भांडी, खेळणी, मुदत संपत आलेले डबे तर नकोतच. वस्तूपेक्षा विमानाचं भाडं जास्त होतं, आणि नको असलेली वस्तू परत पाठवायला रस्ता नसतो. ती वस्तीच्या उकिरड्यावर पडते. इकालुइतच्या उकिरड्याला २०१४ मध्ये लागलेली आग महिनोन्महिने धुमसत होती. शाळांना आणि घरांना खिडक्या बंद कराव्या लागल्या. एखाद्या वस्तीनं ठरावीक मापाचे नवे बूट किंवा डायपर मागितले, तर मात्र मागितले तेच आणि तेवढेच द्या.

४. मंडळांनी ठराव करावा. गणेशोत्सव, दिवाळी, संक्रांत या कार्यक्रमांच्या जमाखर्चात एक ठरावीक हिस्सा या कामासाठी दरवर्षी बाजूला ठेवावा. तो कुठे गेला हे वार्षिक सभेत सांगावं. एकच संस्था निवडून तिला किमान पाच वर्षं साथ द्यावी. दर वर्षी नवी संस्था शोधण्यात आपला उत्साह टिकेल, त्यांचं काम टिकणार नाही.

५. जे वेळ देऊ शकतात त्यांनी आपापल्या शहरात द्यावा. थंडर बे, टिमिन्स, सू सेंट मेरी इथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनो, पुरामुळे किंवा वणव्यामुळे हलवलेली कुटुंबं तुमच्याच शहरात येतात. स्थानिक रेड क्रॉसकडे आत्ताच नाव नोंदवा. गणित-विज्ञान शिकवू शकता, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या शाळांना आणि शहरातल्या आदिवासींच्या मैत्री केंद्रांना (फ्रेंडशिप सेंटर) विचारा. ऑटावा आणि विनिपेगमधल्या कुटुंबांनी उपचारासाठी आलेल्या रुग्णांना सोबत करणाऱ्या संस्थांशी बोलावं. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक उत्तरेत नोकरी घेणार असतील तर वर्ष-दोन वर्षं राहण्याच्या तयारीनं जा. दोन आठवड्यांसाठी येणारी माणसं तिथे पुष्कळ आहेत. रुग्णाला पुढच्या वेळीही तोच चेहरा दिसायला हवा असतो.

६. आपल्या खासदाराला पत्र लिहा. ऑटावातल्या संसदेच्या पत्त्यावर टपालानं पाठवलेल्या पत्राला तिकीट लागत नाही. तीन मागण्या करा. एक, नेस्कांतागाच्या पाण्याचं काम कोणत्या तारखेला पूर्ण होणार ते सांगा. दोन, फर्स्ट नेशन्सना शुद्ध पाण्याची हमी देणारं विधेयक डिसेंबर २०२३ मध्ये मांडलं गेलं आणि जानेवारी २०२५ मध्ये संसद स्थगित झाल्यानं बारगळलं. तसा कायदा विनाविलंब मंजूर व्हावा. तीन, इन्यूइट मुलांच्या किराण्याची बंद झालेली कुपनं पुन्हा सुरू व्हावीत. पाण्याबाबतच्या सामूहिक दाव्यात २०२१ मध्ये सुमारे आठ अब्ज डॉलरची तडजोड झाली, ती नेस्कांतागासारख्या वस्त्यांनी न्यायालयात जाऊन भांडल्यावर. दबावाशिवाय हे हलत नाही. त्यांचा दबाव आहेच. मतदार म्हणून आपलाही त्यात मिळवू या.

उत्तरेतले लोक आपली वाट पाहत हातावर हात धरून बसलेले नाहीत. पूर आला की आपल्या माणसांना हलवण्याची व्यवस्था तेच करतात, शिकार वाटून घेतात, न्यायालयात लढतात, बर्फ मोजण्याची नवी यंत्रं चालवतात, मुलांना इनुक्टिटूट आणि क्री या आपल्या भाषांत शिकवतात. त्यांच्याकडे माणसं आहेत, ज्ञान आहे, योजना आहेत. रोख पैसा वेळेवर हाती नसतो आणि दक्षिणेतल्या मतदारांचा आवाज मागे नसतो, एवढीच उणीव आहे. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे आहेत.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. वर दिलेल्यांपैकी एक संस्था निवडा, मुलांनाही निवडू द्या, आणि दरमहाची रक्कम ठरवून पहिला हप्ता लगेच भरा. उद्या खासदाराला पत्र टाका. या आठवड्यात मंडळाच्या कार्यकारिणीला ठरावाची सूचना द्या. हे आवाहन कॅनडातल्या किमान पाच मराठी घरांत पोचवा. जहाजं जूनपासून भरायला लागतील आणि माल त्याआधी विकत घेऊन बंदरात पोचवावा लागतो. अक्षय्य तृतीया ही आपली शेवटची तारीख. ती चुकवू नका.

आपले,
ओंटारियोतले काही मराठी रहिवासी